मंगळवारची शर्यत

“आज मंगळवार ना, बाई?”

बाईंनी मान वळवली नाही.

“की माझीच वाराची चूक होतेय?”

“मंगळवारच आहे.”

“मग ही शिडं कुणाची?”

समोर उंबरतळ्यात चार शिडं वाऱ्यावर कलली होती. त्यातलं विटकरी रंगाचं शीड शकीलचं. कोपऱ्यातलं ठिगळ निरंजननं स्वतःच्या हातानं शिवून दिलेलं. ओळखायला दुसरी खूण नको होती.

तरीही त्यानं विचारलं होतं. वकिलाला उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारायची सवय असते.

निरंजन खासनीस तालुक्याच्या कोर्टातून परत येत होता. समोरचा वकील आलाच नाही, पुढची तारीख पडली, म्हणून लवकर सुटला. डोंगराच्या वळणावरून तळं दिसतं. तिथं त्यानं सहज खाली पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. आधी वाटलं, कॉलेजची पोरं असतील. मग ते विटकरी शीड दिसलं...

काळा कोट, गळ्यातली पांढरी पट्टी, सगळं तसंच अंगावर ठेवून तो तळ्याच्या पायऱ्या उतरला. चैत्रात पाणी खूप खाली जातं. एरवी बुडालेल्या पायऱ्यासुद्धा उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावरचा वाळलेला गाळ बुटांखाली कुरकुरत होता. अगदी तळाशी, धक्क्यावर, वेताच्या खुर्चीत वेणूबाई दिघे बसल्या होत्या. मांडीवर दुर्बीण, गळ्यात शिट्टी.

ही शिट्टी बुधवारची होती. वर्षानुवर्षं बुधवारची.

वेणूबाई शाळेत खेळ शिकवायच्या आणि एन.सी.सी.च्या नौदल तुकडीला होडी शिकवायच्या. निरंजन, जयवंत, पेठे, शकील आणि हेमा हे सगळे त्यांच्या हाताखालचे. पोहायला त्यांनी शिकवलं, वारा ओळखायला त्यांनी शिकवलं, उलटलेली होडी सरळ करायलाही त्यांनीच. पुढे पोरं मोठी झाली. कुणी वकील झालं, कुणी प्राध्यापक. शकीलनं वडिलांचा छापखाना घेतला, हेमानं दवाखाना थाटला, जयवंत शाळेत चित्रकला शिकवू लागला. पण बुधवारी संध्याकाळी सगळी कामं आटोपून पाचही जण तळ्यावर यायचे. प्रत्येकाची एकेक छोटी होडी. तीन बोये पाण्यात तरंगत ठेवलेले. त्यांना वळसा घालून जो आधी धक्क्याला लागेल तो पहिला.

पहिल्याला काही मिळायचं नाही. शेवटचा येईल त्यानं मात्र सगळ्यांची ओली शिडं खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या.

बहुतेक वेळा ती जयवंतनंच चढवली. हसत चढवली. “अरे, ड्रॉइंगच्या मास्तराला एवढाच व्यायाम,” म्हणायचा.

आणि पहिला बहुतेक वेळा निरंजनच यायचा.

त्याचं बाकीच्यांना कधी वाईट वाटलं नाही. तो यायचाच तसा तयारीनं. खिंडीतून वारा कधी सुटणार, कुठल्या टेकडीला अडणार, हे त्याला पाठ होतं. दोर मुठीत घेतला की त्याचा चेहरा कोर्टात उलटतपासणीला उभा राहिल्यासारखा व्हायचा. पेठे म्हणायचे, “याच्याशी शर्यत लावणं म्हणजे खटला अंगावर घेणं.” सगळे हसायचे. निरंजनही हसायचा. त्याला ते कौतुक वाटायचं.

नियम एकच होता. बाईंनी लहानपणीच शिकवलेला.

होडीचा कुठलाही भाग बोयाला लागला, तर ज्याची लागली त्यानं तिथल्या तिथं पाण्यात एक पूर्ण गिरकी घ्यायची. मग पुढं जायचं. कुणी पाहिलं असो, नसो.

“पाण्यात पंच नसतो,” बाई म्हणायच्या. “आपली आपण घ्यायची.”

मुलं घ्यायची. मोठी झाल्यावरही घेत राहिली.

गेल्या दिवाळीच्या आधीचा तो बुधवार.

त्या दिवशी जयवंतची बायको आणि मुलगी मुक्ता, दोघी तळ्यावर आल्या होत्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. कोथिंबीरवड्यांचा मोठा डबा आणला होता. हेमानं दवाखाना लवकर बंद केला होता. शकील नवा शर्ट घालून आला होता. निरंजनला यातलं काही वेगळं वाटलं नाही. तो वारा बघत होता.

शिट्टी झाली. आणि जयवंत पुढं निघाला.

निघाला तो निघालाच. पहिल्या बोयाला तोच पहिला. निरंजनला आधी गंमत वाटली, मग राहवेना. त्यानं शीड ताठ आवळलं, होडीच्या काठावर बसून अंग बाहेर, पाण्यावर झोकून दिलं, अंतर कापत आणलं. दुसऱ्या बोयापाशी तो जयवंतच्या अगदी पाठीशी होता.

तिथं जयवंतची होडी कलली, वळली, आणि शिडाखालच्या आडव्या दांड्याचं टोक बोयाला लागलं.

टक.

निरंजननं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“जयवंत, गिरकी!” तो ओरडला.

जयवंतनं वळून पाहिलं नाही. ऐकलं की नाही कोण जाणे. होडीभर अंतरानं तो आधी धक्क्याला लागला. बाईंची शिट्टी झाली. शकीलनं तोंडात बोटं घालून दुसरी वाजवली. मुक्ता चपला न काढताच गुडघाभर पाण्यात धावली आणि बापाच्या गळ्यात पडली. बाकीच्या होड्याही येऊन लागल्या.

“एक मिनिट,” निरंजन म्हणाला.

आवाज कोर्टातला होता. सगळे थांबले.

“जयवंत, दुसऱ्या बोयाला लागलास.”

“नाही रे... मला नाही वाटत.”

“वाटण्याचा प्रश्न नाही. लागलास की नाही?”

“मला कळलं नाही, निरंजन.”

“शकील, तू मागंच होतास. पाहिलंस?”

“माझं लक्ष नव्हतं.”

“पेठे?”

पेठे चष्मा काढून पुसू लागले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“जाऊ दे ना,” शेवटी ते म्हणाले. “एक दिवस.”

“एक दिवस म्हणजे काय? लागला असेल तर लागला, नसेल तर नाही. मला जिंकायचं नाहीये. पण हे असं चालणार असेल तर मग आपण इतकी वर्षं गिरक्या कशाला घेतल्या?”

त्याचं म्हणणं बिनतोड होतं.

जयवंतनं मुलीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं, कुठं ठेवावं ते तिला कळत नव्हतं. मग तो वळला. होडी पाण्यात ढकलली. आत बसला.

“अरे, आता कशाला...” हेमा म्हणाली.

तो निघून गेला.

वारा पडला होता. दुसऱ्या बोयापर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला. तिथं त्यानं गिरकी घ्यायला सुरुवात केली. शीड लुळं पडलं. अर्ध्यावर होडी थांबली. मग तो वाकून हातानं पाणी मारू लागला. हळूहळू होडीचं नाक फिरलं... फिरत फिरत पुन्हा होतं तिथं आलं.

काठावर सगळे उभे होते. कुणी बसलं नाही. डब्याचं झाकण कुणी उघडलं नाही.

परत आल्यावर जयवंतनं होडी धक्क्याला लावली. तो शेवटचा आला होता, म्हणून त्यानं सगळ्यांची शिडं उचलली. चौथ्या-पाचव्या पायरीवर एक शीड त्याच्या हातातून सुटलं आणि घसरत खाली आलं. मग दुसरं. मुक्ता पळत गेली.

निरंजनला वाटलं, राग काढतोय.

पुढच्या बुधवारी पेठ्यांना सर्दी झाली होती. शकीलच्या छापखान्यात लग्नपत्रिकांची घाई होती. हेमाचा फोन लागला नाही. निरंजन एकटाच तळ्यात एक फेरी मारून आला. त्याच्या पुढच्या बुधवारी कुणाकडं पाहुणे, कुणाचा प्रवास. त्याच्या पुढच्या बुधवारी त्यानं फोन केले नाहीत.

जयवंतच्या आजाराची बातमी त्याला कोर्टाच्या उपाहारगृहात कळली. हातापायांतली ताकद हळूहळू जाते, औषध नाही, असं कुणीतरी चहा पिता पिता सांगितलं. निरंजन त्याच संध्याकाळी पेरू घेऊन त्याच्या घरी गेला. जयवंतच्या बायकोनं दार अर्धं उघडलं. “झोपलेत,” म्हणाली. पिशवी घेतली. “बसा” म्हणाली नाही. आतून रेडिओ ऐकू येत होता आणि कुणीतरी त्याचा आवाज बारीक करायला सांगत होतं. तो जयवंतचा आवाज होता.

निरंजन पुन्हा तिकडं गेला नाही.

पण बुधवारी तळ्यावर येत राहिला. पौष गेला, माघ गेला. तो यायचा, होडी काढायचा, तीन बोयांना वळसा घालायचा, परत यायचा. त्याला वाटायचं, सगळ्यांनी होडी सोडली असेल. वयं झाली. जयवंत अंथरुणाला खिळल्यावर कुणाला उत्साह राहणार? एक प्रकारे त्याला ते बरंही वाटायचं. सगळ्यांचंच संपलं, असं.

आणि आज ही चार शिडं.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“काय?”

“मंगळवार.”

“दिवाळीपासून,” बाई म्हणाल्या.

“आणि शिट्टी तुम्ही वाजवता.”

“वाजवते.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“नाही सांगितलं.”

“तुम्हीसुद्धा.”

“मीसुद्धा.”

निरंजनला वाटलं होतं, बाई काहीतरी सबब सांगतील. सांगितली असती तर त्यानं ती खोडून काढली असती. त्याच्या घशात ते सगळे शब्द तयार होते. आता त्यांचं काय करावं ते त्याला सुचेना.

शिडं पहिल्या बोयाकडं निघाली होती.

“बाई, एकच सांगा. त्या दिवशी जयवंत बोयाला लागला होता की नव्हता?”

“लागला होता.”

“...तुम्ही पाहिलं?”

बाईंनी मांडीवरच्या दुर्बिणीवर नुसता हात ठेवला.

निरंजनच्या छातीतून मोठा श्वास सुटला. सगळा हिवाळा तो या एका वाक्यावाचून तडफडला होता. आपल्या कानांनी आपल्याला फसवलं असेल का, या विचारानं कितीदा त्याची झोप मोडली होती. आता डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं.

उतरलं नाही.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तू बोलत होतास.”

खिंडीतून वाऱ्याची एक झुळूक आली. पाण्यावर शहारा उठला. चारही शिडं एकदम कलली.

“माझं बरोबर होतं,” निरंजन म्हणाला.

“हो.”

“मग?”

बाई बराच वेळ गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याची निरंजनला लहानपणापासून भीती वाटायची. चुकीचा दोर ओढला की त्या ओरडायच्या नाहीत, अशाच गप्प बसायच्या. मग होडी उलटायची.

“त्या दिवशी ती जयवंतची शेवटची शर्यत होती,” त्या म्हणाल्या. “त्याच्या मुठी आवळत नव्हत्या. हेमानं त्याला पुण्याला पाठवलं, तिथं निदान झालं. पुन्हा होडीत बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.”

“मला नव्हतं.”

“नव्हतं.”

“का?”

“मीच म्हटलं, निरंजनला सांगू नका.”

निरंजन बघत राहिला. “तुम्ही?”

“पेठेनं त्या दिवशी दोर ढिला सोडून ठेवला होता. शकीलनं उगाच लांबचा वळसा घेतला. हेमा तर मुद्दाम टेकडीच्या आडोशाला, बिनवाऱ्यात जाऊन बसली. तुला दिसलं नाही?”

“मी पुढं बघत होतो.”

“जयवंत मागं बघत होता. त्याला सगळं दिसलं. तो काय कुक्कुलं बाळ आहे?” बाईंचा आवाज जरा चिरकला. त्यांनी तो आवरला. “सगळी शिडं लोंबत होती, निरंजन. एकच ताठ होतं. तुझं.”

“तुला सांगितलं असतं,” बाई पुढं म्हणाल्या, “तर तूही हरला असतास. सगळ्यांपेक्षा छान हरला असतास. कुणाला शंकासुद्धा आली नसती. पण त्याला आली असती.”

“म्हणून तुम्ही...”

“म्हणून. त्या दिवशी खरा हरलेला माणूस तू एकटाच होतास. जयवंतजवळ तेवढंच होतं.”

निरंजन पायरीवर बसला. कोटाची मागची बाजू गाळात गेली.

त्याला त्या दिवसाचं सगळं पुन्हा दिसू लागलं. नवा शर्ट. कोथिंबीरवड्यांचा डबा. गुडघाभर पाण्यातली मुक्ता. पायरीवरून घसरत आलेलं शीड... तो राग नव्हता. ते बोटांतून सुटलं होतं.

“पण बोया...” तो पुटपुटला. सवयीनं ओठ हलले. मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि लाजेपाठोपाठ राग आला. “तुम्हीही गप्प होतात, बाई. एका शब्दानं मला थांबवता आलं असतं. तुमचा शब्द मी कधी मोडलाय? तुम्ही थांबवलं नाहीत. तुमचं काहीच चुकलं नाही?”

“चुकलं की.”

“मग शिक्षा मला एकट्याला का?”

“या गुडघ्यांनी दर मंगळवारी एवढ्या पायऱ्या उतरते,” बाई म्हणाल्या, “ते काय हवा खायला?”

शिडं दुसऱ्या बोयाशी पोचत होती. शकील पुढं, मग पेठे, मग हेमा. सगळ्यांत मागं एक निळी होडी. निरंजननं ती होडी आता नीट पाहिली. ती जयवंतची होती. सुकाणूवर ओढणी कमरेला घट्ट बांधलेली मुलगी बसली होती.

“मुक्ता?”

“शिकतेय.”

निळी होडी बोयाला वळली. अजून नवशिकी होती ती. वळताना वारा शिडात उलटा भरला, दांडा झपकन फिरला आणि त्याचं टोक बोयाला घासून गेलं. बोया डुलला. या वेळी आवाज आला नाही, पण धक्क्यावरून स्वच्छ दिसलं.

निरंजन नकळत उभा राहिला होता.

बाईंनी गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली.

“लागली ना?”

“हो.”

“वाजव मग.”

शिट्टी त्याच्या तळहातावर होती. पितळेची, बाईंच्या गळ्यातल्या उबेनं कोमट झालेली. त्यानं मूठ मिटली. समोर ती मुलगी दोराशी झुंजत होती. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काहीतरी समजलंय असं त्याला वाटलं. हात खाली गेला.

“नाही वाजवणार,” तो म्हणाला.

“का?”

“लागली तर लागली. मला आज कळलं, बाई. इतक्या वर्षांनी कळलं.”

आपण बरोबर उत्तर दिलं, असं त्याला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यानं पुसलं नाही. बाईंना दिसावं, असंही थोडं वाटत होतं.

बाईंनी त्याच्या मुठीतली शिट्टी काढून घेतली.

“काही कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “आज तू शर्यतीत नाहीस, एवढंच.”

निरंजनचे कान तापले. शाळकरी पोरासारखे तापले.

तेवढ्यात तळ्यात निळी होडी बोयापाशी थबकली. मुक्तानं सुकाणू पूर्ण एका बाजूला लोटलं. होडीचं नाक वळू लागलं. वाऱ्याच्या तोंडावर आल्यावर शीड फडफडलं, होडी अडली. तिनं पुन्हा जोर केला. होडी वळली... वळत वळत पुरी फिरली.

“घेतली!” निरंजन म्हणाला. “तिची तिनं घेतली. तिला कळलं, लागली ते.”

“नाही लागली तरी घेते.”

“म्हणजे?”

“दर मंगळवारी घेते. त्याच बोयापाशी. लागो, न लागो.”

पुढच्या तिन्ही होड्या थांबलेल्या त्याला आत्ता दिसल्या. शकील, पेठे, हेमा, तिघांनीही दोर सोडून दिले होते. शिडं नुसती फडफडत होती. ती येईपर्यंत कुणी पुढं सरकलं नाही.

“मग ही शर्यत कसली?” तो म्हणाला.

होड्या एकामागून एक धक्क्याला लागल्या. शकील पहिला आला, म्हणजे त्याला यावं लागलं. काळा कोट दिसल्यावर त्याचा हसरा चेहरा एकदम पुसल्यासारखा झाला.

“अरे... निरंजन. तू इकडं?”

“तारीख पडली. सहज आलो.”

“हां. बरं झालं,” शकील म्हणाला आणि दोर गुंडाळायला लागला. गुंडाळून झालेला दोर त्यानं सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

पेठ्यांनी हवेवर बोलून पाहिलं. हेमानं “बीपी बघून घेतोयस ना?” विचारलं. सगळे नीट बोलत होते. कुणी रागावलेलं नव्हतं. कुणी भांडायला तयार असतं, तर निरंजननं त्याचे पाय धरले असते.

शेवटी मुक्ता आली. तिनं होडी ओढून लावली, ओढणीनं तोंड पुसलं आणि शिडं गोळा करू लागली. तिच्या हातांचे तळवे दोरानं सोलपटले होते.

“इकडं दे,” निरंजन पुढं झाला. “मी नेतो वर.”

“राहू द्या, काका. शेवटची मी आले.”

तिच्या बोलण्यात काटा नव्हता. तिनं ते साधं सांगितलं, जसं कुणी आपलं गाव सांगतं.

“मुक्ता... बाबा कसे आहेत?”

“बोलतात अजून. थोडं अडखळतात.” तिनं शिडं खांद्यावर नीट बसवली. मग जायला वळली आणि थांबली. “तुमची चौकशी करतात. दर गुरुवारी.”

“माझी?”

“हो. म्हणतात, काल निरंजनला वारा कसा होता, कुणाला तरी विचार.”

निरंजननं तळ्याकडं तोंड वळवलं.

“तुम्ही एकटेच येता ते त्यांना माहीत आहे,” ती म्हणाली. “मी काहीतरी सांगते. चांगला होता म्हणून.”

ती पायऱ्या चढू लागली. शिडांचं पाणी तिच्यामागं पायऱ्यांवर ठिबकत गेलं. शकील आणि हेमा मागोमाग गेले. पेठे जाता जाता निरंजनच्या खांद्यावर हात ठेवायला थांबले. हात वर आलाही, पण मध्येच त्यांनी त्याच हातानं चष्मा सारखा केला आणि तेही गेले.

वर रस्त्यावर त्यांचा आवाज ऐकू येत होता. मुक्ता काहीतरी म्हणाली, सगळे हसले. मोकळं हसले. मग गाड्यांची दारं लागली.

तळ्यावर बाई आणि निरंजन दोघंच उरले. वारा पडला होता. बोये जागच्या जागी उभे होते.

बाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. निरंजननं आधाराला हात पुढं केला. त्यांनी तो धरला, नाही असं नाही. धरून उभ्या राहिल्या आणि मग सोडला.

“मी जयवंतकडं जाऊ का, बाई? माफी मागायला?”

“जा की.”

“काय म्हणेल तो?”

“म्हणेल, काही नाही रे. तुझं बरोबर होतं.”

निरंजननं डोळे मिटले. ते त्याला आत्ताच ऐकू आलं होतं, जयवंतच्या आवाजात, अडखळत.

बाई पहिली पायरी चढल्या. गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या. दुसरी चढल्या. तो मागं उभा राहिला, कोटाच्या मागच्या बाजूचा गाळ झटकत. झटकल्यानं तो जास्तच पसरत होता.

“बाई.”

त्या थांबल्या.

“पुढच्या मंगळवारी... मी येऊ? मागं राहीन. वाटलं तर होडी काढणार नाही. नुसता इथं बसेन, तुमच्याजवळ.”

बाईंनी वळून त्याच्याकडं पाहिलं. आज पहिल्यांदाच सरळ पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“कशाला?” त्या म्हणाल्या. “बुधवार तू जिंकलायस ना.”